वॉटरक्रेस कच्चे खावे का?

२०१४ साली अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या, म्हणजे सीडीसीच्या, नियतकालिकात एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला. जेनिफर डी नोया या संशोधिकेने ४७ फळे आणि भाज्या घेतल्या आणि दर १०० कॅलरींमागे त्यांतून १७ आवश्यक पोषणद्रव्ये किती मिळतात याची गुणपत्रिका मांडली. पहिला नंबर वॉटरक्रेसचा आला, तोही १०० पैकी १०० गुण घेऊन. पालक, केल, चार्ड सगळे मागे राहिले. याच सीडीसीने यकृतातल्या पर्णकृमींविषयी जी माहिती दिली आहे, तिच्यात मात्र संसर्गाचा मार्ग म्हणून कच्च्या वॉटरक्रेसचे नाव ठळकपणे येते. संस्था एक, पाला एक आणि शेरे दोन. दोन्ही शेरे खरे आहेत, आणि त्यांचा मेळ लावायचा तर ताटापेक्षा ओढ्याकडे जास्त पाहावे लागते.

पाण्यातली मोहरी

वॉटरक्रेस मोहरीच्या कुळातले. मोहरी, मुळा, कोबी आणि बाळंतिणीच्या लाडवांत पडणारे अळीव हे त्याचे भाऊबंद. अळीव जमिनीवर वाढते, वॉटरक्रेसला वाहते, थंड, स्वच्छ पाणी लागते. देठ पोकळ असल्यामुळे ते पाण्यावर तरंगते आणि पेरापेरांतून पांढरी मुळे फुटतात. त्यामुळे तुटलेला एक तुकडाही पुढे वाहत जाऊन नवा ताटवा उभा करू शकतो. मूळ युरोप आणि आशियातले हे रोप आज जवळजवळ सगळ्या खंडांवर आहे. आपल्याकडे ते हिमालयातल्या ओढ्यांत आणि निलगिरीसारख्या थंड डोंगरांत सापडते. मराठी स्वयंपाकघराशी त्याची जुनी ओळख नाही. ते आले हॉटेलातल्या सॅलडमधून आणि मॉलमधल्या प्लास्टिकच्या डब्यांतून.

१०० ग्रॅम कच्च्या पानांत सुमारे ९५ टक्के पाणी असते आणि ऊर्जा अवघी ११ कॅलरी. तेवढ्यात क जीवनसत्त्व सुमारे ४३ मिलिग्रॅम, कॅल्शियम १२० मिलिग्रॅम आणि के जीवनसत्त्व २५० मायक्रोग्रॅमच्या घरात मिळते. हे आकडे चांगलेच आहेत, पण १०० पैकी १०० गुणांचे इंगितही त्यांतच आहे. मोजमाप कॅलरीमागे आहे आणि कॅलरी जवळपास नाहीतच. १०० कॅलरी मिळवायच्या तर सुमारे ९०० ग्रॅम पाला खावा लागेल, तेवढा कोणी खात नाही. जेवणातली मूठभर पाने उपयोगी आहेत, औषध नव्हेत. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन घेणाऱ्यांनी तर के जीवनसत्त्वामुळे अशी पाने एकाएकी भरपूर खायला लागू नयेत.

जिभेला झोंबणारा तिखटपणा हा या पाल्याचा खरा विशेष. पान चावले की त्यातले ग्लुकोनॅस्टर्टिन हे द्रव्य मायरोसिनेज नावाच्या विकराच्या संपर्कात येते आणि फेनेथिल आयसोथायोसायनेट तयार होते. कर्करोगप्रतिबंधाच्या संशोधनात या रसायनाचा बराच अभ्यास झाला आहे. २००७ मध्ये अल्स्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी ६० निरोगी प्रौढांना आठ आठवडे रोज ८५ ग्रॅम कच्चे वॉटरक्रेस दिले, तेव्हा रक्तातल्या पांढऱ्या पेशींच्या डीएनएची हानी घटलेली दिसली. यावरून कर्करोग टळतो असे सिद्ध होत नाही. पण एक पेच पुढे येतो. विकर उष्णतेने निकामी होते आणि क जीवनसत्त्वही उकळताना घटते. म्हणजे ज्या गुणांसाठी हा पाला वाखाणला जातो, ते कच्चे खाल्ल्यावर जास्त मिळतात, आणि ज्या रोगासाठी तो बदनाम आहे, तोही कच्चे खाल्ल्यावरच होतो.

झऱ्यावरची शेती

ओढ्याकाठचा पाला खुडून खाणे युरोपात जुनेच. त्याची पद्धतशीर शेती जर्मनीतल्या एर्फुर्ट शहराभोवतीच्या झऱ्यांवर मुरली. नेपोलियनच्या सैन्यातला कार्दों नावाचा अधिकारी ती तिथे पाहून आला आणि १८११ च्या सुमारास त्याने पॅरिसच्या उत्तरेला सांलिसजवळ वाफे काढले. इंग्लंडमध्ये १८०८ साली विल्यम ब्रॅडबरीने केंट परगण्यातल्या स्प्रिंगहेड इथे ही लागवड सुरू केली. हँपशर आणि डॉर्सेटमध्ये मऊ चुनखडीच्या खडकातून पाझरलेले पाणी वर्षभर १०-११ अंशांच्या आसपास राहते, त्यामुळे ऐन थंडीतही वाफे गोठत नाहीत. पुढे पीक तिथेच फोफावले. १८६५ साली हँपशरमधल्या ऑल्सफर्डवरून रेल्वे गेली आणि सकाळी खुडलेल्या जुड्या लंडनच्या बाजारात पोहोचू लागल्या. तो मार्ग आता हौशी वारसा रेल्वे म्हणून चालतो आणि 'वॉटरक्रेस लाइन' या नावानेच ओळखला जातो.

एकोणिसाव्या शतकातल्या लंडनमध्ये हे श्रीमंतांचे सॅलड नव्हते. कष्टकरी माणूस सकाळी पावाबरोबर जुडीभर पाला खाई. हेन्री मेह्यूने लंडनच्या गरिबांवर लिहिलेल्या ग्रंथात वॉटरक्रेस विकणाऱ्या आठ वर्षांच्या मुलीची मुलाखत आहे. पहाटे बाजारातून पाला घ्यायचा, थंड पाण्यात धुऊन जुड्या बांधायच्या आणि दारोदार ओरडत विकायच्या, असा तिचा दिवस.

शहरांची भूक वाढली तशी लागवड शहरांच्या जवळ सरकली आणि शहरांचे सांडपाणी वाफ्यांत शिरले. १९०३ मध्ये पूर्व लंडनच्या हॅक्नी भागात विषमज्वराची साथ आली, तेव्हा तिथल्या आरोग्य अधिकाऱ्याने तिचा माग सांडपाण्याने दूषित वाफ्यांतल्या वॉटरक्रेसपर्यंत काढला. रोप तेच होते, त्याला मिळणारे पाणी बदलले होते. पुढे इंग्लंडमधली शेती हळूहळू झऱ्यांच्या मुखाकडे आणि खोल विंधनविहिरींच्या पाण्याकडे वळली, त्यामागे अशा अनुभवांचा मोठा वाटा होता.

रोपाला स्वतःचेही रोग असतात. त्यातला नामांकित म्हणजे मुळे वाकडी करणारा 'क्रूक रूट'. स्पाँगोस्पोरा नावाचा परजीवी तो घडवतो आणि शेतकरी पाण्यात जस्ताची अगदी सौम्य मात्रा सोडून त्याला आवरत आले. माणसाला त्याची बाधा नाही, पण वाफ्यातले पाणी शेवटी नदीलाच मिळत असल्याने हे जस्त पुढे कुठे जाते यावर इंग्लंडमध्ये लक्ष ठेवावे लागते.

गोगलगाय, गवत आणि यकृत

वॉटरक्रेसच्या नावाशी कायमचा जोडला गेलेला रोग म्हणजे फॅसिओलियासिस. फॅसिओला हेपॅटिका हा पानाच्या आकाराचा चपटा कृमी मेंढ्या, गायी, म्हशींच्या पित्तनलिकांत राहतो. लांबी ३ सेंटिमीटरपर्यंत. त्याचा उष्ण प्रदेशातला भाऊ फॅसिओला जायगँटिका याहून लांब, साडेसात सेंटिमीटरपर्यंत वाढतो.

बाधित जनावराच्या शेणातून अंडी बाहेर पडतात. ती पाण्यात पडली आणि हवा पुरेशी उबदार असली की त्यांतून केसाळ डिंभक निघतो. त्याला काही तासांतच विशिष्ट जातीची गोड्या पाण्यातली छोटी गोगलगाय गाठावी लागते. युरोपात ती मुख्यतः गाल्बा ट्रंकॅट्युला. गोगलगायीच्या शरीरात एकाचे शेकडो होतात. मग शेपटीवाले डिंभक बाहेर पोहत येतात, पाण्याच्या पातळीजवळचे पान किंवा देठ धरतात, शेपूट टाकतात आणि स्वतःभोवती टणक कवच बांधून कोष होतात. कोषाचा व्यास सुमारे पाव मिलिमीटर, म्हणजे खसखशीच्या दाण्याहूनही बारीक. तो पानाला घट्ट चिकटतो आणि ओलावा मिळाला तर महिनोन्‌महिने जिवंत राहतो. काही कोष पाण्यावर तरंगतात, म्हणून नुसते पाणी पिऊनही लागण होऊ शकते.

या साखळीत वॉटरक्रेस हा अनिवार्य दुवा नाही. जनावराला लागण सहसा ओल्या कुरणातल्या गवतातून होते. माणूस गवत खात नाही, पण गोगलगाय, गुरे आणि पाणी जिथे एकत्र येतात नेमक्या तिथेच वाढणारा आणि कच्चाच आवडीने खाल्ला जाणारा हा पाला खातो. रोपाचा दोष असलाच तर एवढाच.

हे कोडे सुटले ते मेंढ्यांमुळे. १८७९-८० च्या ओल्या हंगामात इंग्लंडमध्ये यकृताच्या या रोगाने लाखो मेंढ्या दगावल्या. मग ऑक्सफर्डच्या ए. पी. थॉमस या तरुण प्राणिशास्त्रज्ञाकडे तपास सोपवला गेला. त्याने आणि जर्मनीत रुडॉल्फ लॉयकार्टने १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, गोगलगायीतला टप्पा उलगडला. शेवटचा दुवा, म्हणजे पानावरचा कोष गिळल्यानेच लागण होते हे, ब्राझीलच्या अॅडॉल्फो लुट्झने १८९० च्या दशकात हवाई बेटांवर दाखवले.

नकाशावरच्या साथी

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात किमान २४ लाख लोकांना हा संसर्ग आहे आणि ७० हून अधिक देशांत तो आढळतो. प्रत्येक ठिकाणची तऱ्हा मात्र वेगळी.

फ्रान्समध्ये १९५६-५७ च्या सुमारास लियोंच्या परिसरात सुमारे ५०० रुग्णांची साथ झाली आणि तिचे खापर वॉटरक्रेसवर फुटले. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये १९६० साली हँपशरमधली, म्हणजे या पिकाच्या माहेरघरातली, रुग्णांची छोटी साथ नोंदली गेली. त्यांनी खाल्ले होते ते रानटी वॉटरक्रेस. कुंपणातल्या वाफ्यापासून काही मैलांवर ओढ्यात तेच रोप गुरांच्या वावरात वाढत होते.

जगातला सर्वांत जड भार बोलिव्हियाच्या उत्तर आल्टिप्लानोवर, तितिकाका सरोवराजवळच्या सुमारे ४,००० मीटर उंचीवरच्या आयमारा वस्त्यांवर पडला. तिथल्या काही वस्त्यांत तपासलेल्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक बाधित निघाली. सांतियागो मास-कोमा आणि त्यांच्या व्हॅलेन्सियाच्या गटाने हा प्रदेश अनेक वर्षे अभ्यासला. कृमी, मेंढ्या, गुरे आणि वाहक गोगलगाय हे सगळे युरोपातून आले, वॉटरक्रेसही तिकडचेच. सागरापलीकडून आलेल्या या सगळ्यांची उंच पठारावर पुन्हा गाठ पडली. तिथली मुले गुरांमागे फिरताना वॉटरक्रेसखेरीज इतर पाणवनस्पतीही चघळतात आणि साचलेले पाणी पितात, म्हणून एका भाजीवर बोट ठेवून तिथे भागत नाही.

इराणच्या गिलान प्रांतात कास्पियन किनाऱ्यावर १९८९ मध्ये मोठी साथ आली, बाधितांची संख्या दहा हजारांच्या वर अंदाजली गेली. तिथे मुख्य संशय वॉटरक्रेसवर नव्हता. ओलसर जागेतले सुगंधी पाले मिठाबरोबर वाटून केलेली 'देलार' ही चटणी आणि जेवणाबरोबर खाल्ला जाणारा कच्चा पाला हे संशयित ठरले. मीठ आणि पाटावरवंटा कोष मारायला पुरे पडत नाहीत. उलट उदाहरण दक्षिण चीन आणि हाँगकाँगचे. तिथे वॉटरक्रेसचे डुकराच्या हाडांबरोबर तास-दोन तास उकळलेले सूप घरोघर होते आणि मोंगकॉक भागातल्या एका गजबजलेल्या रस्त्याला या भाजीचेच नाव आहे. न्यूझीलंडचे माओरीही ते मांसाबरोबर उकळून खातात. ही पद्धत रोगाचा विचार करून पडली नसेल, पण काम तेच करते.

कृमी हा एकटाच पाहुणा नाही. २०१३ मध्ये इंग्लंडमध्ये ई. कोलाय ओ१५७ या घातक जिवाणूच्या २२ रुग्णांचा गट जनुकीय तपासातून एकत्र जुळला आणि धागा वॉटरक्रेसपर्यंत गेला. त्याच तपासात वॉटरक्रेसशी जोडलेला दुसरा, वेगळा उद्रेकही सापडला. हवाईमध्ये कच्च्या पाल्यावर राहिलेल्या गोगलगायींतून मेंदूच्या आवरणाला सूज आणणारा उंदरांचा फुप्फुसकृमी माणसाला होतो. प्रदूषित पाण्यात वाढलेले वॉटरक्रेस आर्सेनिकसारखे विषारी घटकही शोषून साठवते, आणि ते तर शिजवूनही जात नाहीत.

डॉक्टरांना चकवणारा रोग

गिळलेला कोष लहान आतड्यात फुटतो. कोवळा कृमी आतड्याची भिंत भेदून पोटाच्या पोकळीत उतरतो आणि यकृताचे आवरण फोडून आत शिरतो. पुढचे काही आठवडे तो यकृत कुरतडत फिरतो. या काळात ताप, उजव्या बरगडीखाली दुखणे, अंगावर गांधी उठणे, वजन घटणे अशी लक्षणे दिसतात आणि रक्तात इओसिनोफिल पेशी खूप वाढतात. तीन-चार महिन्यांनी तो पित्तनलिकेत स्थिरावतो आणि दशकभरही तिथे राहू शकतो. मग अधूनमधून पोटशूळ, पित्तनलिकेत अडथळा, कावीळ, नलिकांचा दाह.

निदानाची अडचण अशी की सुरुवातीच्या, सर्वाधिक त्रासाच्या काळात शौचतपासणीत अंडी सापडतच नाहीत, कारण कृमी अजून प्रौढ झालेला नसतो. स्कॅनमध्ये यकृतावर डाग दिसतात आणि गळू किंवा कर्करोगाचा संशय येतो. उलट, कोणी बाधित जनावराची कलेजी खाल्ली असेल तर संसर्ग नसतानाही शौचात अंडी दिसू शकतात. म्हणून रक्तातली प्रतिपिंडे, स्कॅन आणि रुग्णाने काय खाल्ले याची कहाणी एकत्र वाचावी लागते. यांपैकी शेवटची गोष्ट सर्वांत स्वस्त आहे आणि तीच विचारायची राहून जाते.

उपचार सोपा आहे. इतर बहुतेक पर्णकृमींवर चालणारे प्राझिक्वांटेल इथे चालत नाही. ट्रायक्लाबेंडाझोल हे मूळचे पशुवैद्यकातले औषध वजनाच्या प्रत्येक किलोमागे १० मिलिग्रॅम या मात्रेत एक-दोनदा दिले की बहुतेक रुग्ण बरे होतात. अमेरिकेत त्याला माणसांसाठी अधिकृत मान्यता मिळाली ती २०१९ मध्ये. काळजी अशी की ऑस्ट्रेलियात १९९० च्या दशकातच मेंढ्यांतले कृमी या औषधाला दाद देईनासे झाले आणि नंतर काही देशांत माणसांतही ते अपयशी ठरल्याच्या नोंदी आल्या. हाताशी हे एकच खात्रीचे औषध आहे, ते जपून वापरायला हवे.

तीन कुंपणे

बचावाचे मार्ग तीन, आणि भरवशाच्या क्रमाने मांडले तर पहिला उगमाचा. युरोपातले जबाबदार उत्पादक झऱ्याचे किंवा विंधनविहिरीचे पाणी थेट वाफ्यात घेतात, ओढ्याचे पाणी आत येऊ देत नाहीत, भोवती गुरांना कुंपण घालतात, गोगलगायींवर नजर ठेवतात आणि पाण्याची नियमित तपासणी करतात. फ्रान्समध्ये साथींनंतर वाफ्यांना परवाना आणि जुडीवर आरोग्यखूण सक्तीची झाली. तिथे कच्चे वॉटरक्रेस निर्धास्तपणे खाल्ले जाते ते या व्यवस्थेच्या जोरावर.

दुसरा मार्ग आगीचा. व्यवस्थित उकळले, परतले की कोषही मरतो आणि जिवाणूही. तिखटपणा मंदावतो, काही जीवनसत्त्व जाते, तरी कॅल्शियम आणि के जीवनसत्त्व बहुतांशी शाबूत राहते.

तिसरा आणि सर्वांत कच्चा मार्ग धुण्याचा. साध्या पाण्याने माती आणि गोगलगाय जाते, चिकटलेला कोष जात नाही. व्हिनेगर किंवा पोटॅशियम परमँगनेटच्या द्रावणात दहा मिनिटे बुडवल्याने बरेच कोष सुटतात वा मरतात असे इजिप्तमधल्या प्रयोगांत दिसले, पण त्याला लागणारी तीव्रता घरगुती चमचाभर व्हिनेगरच्या कितीतरी पुढची आहे. अशा पाल्याची चवही राहत नाही. उगमाची खात्री नसेल तर धुण्याने ती पैदा होत नाही.

आपल्याकडे

भारतातल्या मैदानी भागांत गुरा-म्हशींत फॅसिओला जायगँटिका सर्रास आढळतो, हिमालयाकडे हेपॅटिका. पशुवैद्य तो रोज पाहतात. माणसांतल्या नोंदी मात्र सुट्या आणि थोड्या. २०१२ मध्ये वेल्लोरच्या डॉक्टरांनी काही रुग्णांची हकीकत प्रसिद्ध करताना, हे हिमनगाचे टोक आहे असेच शीर्षकात म्हटले. गोठ्यात रोग भरपूर आणि दवाखान्यात जवळजवळ नाही, याचे एक कारण आपली खाण्याची सवय आहे. पालेभाजी आपण परततो, शिजवतो, डाळीत घालतो. दुसरे कारण हेही असू शकते की कोणी शोधत नाही.

पाण्यातले कच्चे खाणे आपल्याकडे अगदीच नाही असेही नव्हे. शिंगाडा आठवावा. त्याच्या सालीवर कोष करणारा फॅसिओलॉप्सिस बुस्की हा आतड्यातला मोठा पर्णकृमी बिहार, उत्तर प्रदेश, आसामात परिचित आहे. त्याचा शोधच १८४३ मध्ये लंडनच्या खलाशी रुग्णालयात एका भारतीय खलाशाच्या शवविच्छेदनात जॉर्ज बस्कला लागला होता. महाराष्ट्रही त्यातून सुटला नाही. १९६० च्या दशकात मुंबईच्या डॉक्टरांनी त्याचे रुग्ण नोंदले आणि १९७२ साली पालघर तालुक्यातला त्याचा साथशास्त्रीय अभ्यास प्रसिद्ध झाला. या साखळीत गुरांच्या जागी डुकरे येतात आणि गोगलगायीची जात बदलते, बाकी गणित तेच. दाताने शिंगाडा सोलणे टाळावे, तो उकडून खावा, हा सल्ला तिथूनच आला.

आता शहरांत कच्च्या पानांचे प्रस्थ वाढते आहे. बंदिस्त हायड्रोपोनिक शेतीतल्या वॉटरक्रेसला गुरे आणि गोगलगायी भेटत नाहीत, म्हणून पर्णकृमीचा धोका तिथे जवळजवळ संपतो. तिथे प्रश्न उरतो तो पाण्याच्या टाकीतल्या आणि खुडणाऱ्या हातांवरच्या जिवाणूंचा. उघड्या ओढ्याचे, तळ्याचे, नाल्यालगतच्या मळ्याचे पान मात्र कितीही हिरवेगार दिसले तरी कच्चे खाण्याजोगे नाही. डोंगरात भटकताना झऱ्यात दिसलेला ताटवा खुडून तोंडात टाकणे हा तर हँपशरच्या त्या रुग्णांचाच मार्ग.

सॅलडची रीत आपण उचलली, पण युरोपात त्या रीतीमागे परवाने, कुंपणे आणि पाण्याची तपासणी उभी राहिली ती शंभर वर्षांच्या साथींमधून. आपल्याकडे पाकिटावर बहुधा वजन, किंमत आणि तारीख असते. पाणी कुठले, हे नसते. ते छापायला लावणे हे अन्नसुरक्षा यंत्रणेचे काम आहे. कोणत्या तालुक्यातल्या गुरांत पर्णकृमी जास्त आहे ही पशुसंवर्धन खात्याकडची माहिती तिथल्या दवाखान्यापर्यंत पोहोचवणे हे सरकारचे काम आहे. ग्राहकाचे काम त्यामानाने हलके आहे. पाण्याचा पत्ता सांगणारा विक्रेता मिळाला तर वॉटरक्रेस कच्चे खावे, नाहीतर लसूण घालून परतावे.